खरं म्हणजे पण

आमच्या कोल्हापुरात 'खरं' या शब्दाला एक जादा अर्थ आहे. 'जेवलो खरं पोट भरलं न्हाई.' 'निघालो होतो खरं पाऊस आला.' पुण्याकडचा माणूस हे पहिल्यांदा ऐकतो तेव्हा क्षणभर अडखळतो, कारण इथं 'खरं' म्हणजे 'पण'. मी याच गावात जन्मले, इथल्याच एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, आणि या शब्दाकडे कधी थांबून पाहिलं नव्हतं. एकदाच आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडून तो दोन्ही अर्थांनी एकदम बाहेर पडला. त्या वाक्याला आता तीस वर्षं उलटून गेली, आण्णाही राहिले नाहीत, तरी ते वाक्य मला सोडत नाही.

ते पुन्हा वर आलं माझ्या भाच्यामुळे. तो शिरोलीला फाउंड्रीत क्वालिटीला आहे. गेल्या महिन्यात त्यानं मोबाईलवर एक यादी पाठवली. सरकारांनी गुपचूप संपवलेली माणसं, असा तिचा मथळा. लालबहादूर शास्त्री, होमी भाभा, काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा, फिडेल कास्ट्रोवर झालेले ६३८ हल्ले, आणि सगळ्यात खाली आपले चौथे शिवाजी महाराज. शेवटी जाड अक्षरात, 'खरा भारतीय असाल तर पुढे पाठवा'. त्याखाली भाच्यानं लिहिलं होतं, 'मावशी, आपलं कोल्हापूर पण हाय बघ यात.'

ती अभिमानानं लिहिलेली ओळ वाचून मला वाईट वाटलं. त्याचा राग नाही आला. त्या यादीतलं निदान एक नाव मी स्वतः, त्याच्याच वयाची असताना, तितक्याच अभिमानानं सांगत होते.

ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासावरून परतताना १८७०च्या नोव्हेंबरात इटलीत फ्लॉरेन्सला वारले. त्यांच्यामागे १८७१ मध्ये एक लहान मुलगा दत्तक घेतला गेला. तेच चौथे शिवाजी महाराज. मुलगा अज्ञान, त्यामुळे कारभार इंग्रजांच्या नजरेखाली, आणि कारभारी होते रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे. मुलगा वयात येऊ लागला तशी बातमी पसरली की महाराजांना वेड लागलंय. आणि तिच्या पाठोपाठ दुसरी पसरली, की महाराजांना वेड लागलेलं नाही, त्यांना वेडं केलं जातंय.

१८८१ च्या जानेवारीत पुण्यात केसरी आणि मराठा ही पत्रं निघाली होती. टिळक आणि आगरकर, दोघंही पंचविशीतले. कोल्हापूरच्या या पोराचा छळ चाललाय हे त्यांनी ठासून लिहिलं, आणि बर्व्यांची म्हणून काही पत्रं हाती आली तेव्हा त्यांच्या आधारानं थेट बर्व्यांवर आरोप केले. बर्वे कोर्टात गेले. कोर्टात ती पत्रं बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफीही मागितली, पण १८८२च्या जुलैत दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात ते एकशे एक दिवस राहिले आणि २६ ऑक्टोबरला सुटले.

पुढच्याच वर्षी, १८८३च्या २५ डिसेंबरला, महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. वय वीस. पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या सैनिकाशी झटापट झाली आणि त्यात त्यांचा अंत झाला. तीन महिन्यांत, १७ मार्च १८८४ ला, त्यांच्या पत्नी आनंदीबाईसाहेबांनी कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक घेतला. त्याला आपण राजर्षी शाहू म्हणतो.

आण्णा शाहू मिलमध्ये कामाला होते, शेकापचे जुने कार्यकर्ते. मंगळवार पेठेतल्या एका तालमीत ते दरवर्षी २५ डिसेंबरच्या संध्याकाळी पोरांना महाराजांची गोष्ट सांगायचे. मी लहानपणी कितीतरी वेळा ऐकली. आण्णांच्या गोष्टीत पत्रं होती, केसरी होता, टिळक-आगरकरांचा तुरुंग होता, आणि शेवटी किल्ला. 'सरकारनं मारलं,' ते म्हणायचे, आणि हौद्यातल्या मातीवर बसलेली पोरं हलायची नाहीत. पत्रं बनावट होती, हा भाग त्या गोष्टीत नव्हता. आण्णांनी तो लपवला असं मी म्हणणार नाही. त्यांना ज्यानं गोष्ट सांगितली त्यानंच तो गाळला असणार. माझ्या ऐकण्यात तरी तुरुंग फक्त शौर्य म्हणूनच आला, शिक्षा कशाची झाली हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी नोकरीला लागले त्या वर्षी पाठाची तयारी करताना मला ते सापडलं. एक ओळ होती फक्त. 'सदर पत्रे बनावट असल्याचे सिद्ध झाले.' मी पुस्तक मिटून बसून राहिले. घरी येऊन आण्णांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. मला वाटलं, मुलीनं शिकून आपल्यालाच खोटं पाडलं असं त्यांना झालं असेल. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना, ताटावरची नजर न काढता ते म्हणाले, "पत्रं खोटी असतील. खरं पोरगं गेलंच की गं."

यातलं 'खरं' म्हणजे 'पण' की 'सत्य', हे मी विचारलं नाही.

भाचा रविवारी घरी आला तेव्हा मी त्याला ही गोष्ट सांगितली. त्याला पटेना. "मावशी, म्हंजे इंग्रजांनी मारलं न्हाई असं तुझं म्हणणं?"

माझं म्हणणं ते नव्हतं. मी त्याला म्हटलं, मराठीत यासाठी क्रियापदं किती आहेत बघ. मारलं. मारवलं. मारू दिलं. मरू दिलं. प्रत्येकाचा गुन्हा वेगळा, प्रत्येकाचा पुरावा वेगळा. तुझ्या यादीत सगळ्यांना एकच क्रियापद लावलंय.

लुमुम्बांचंच घे. अमेरिकेच्या सिनेटच्या चर्च समितीनं, म्हणजे फ्रँक चर्च या सिनेटरच्या समितीनं, १९७५च्या नोव्हेंबरात यावर अहवाल दिला. सीआयएच्या रसायनतज्ज्ञानं १९६०च्या सप्टेंबरात लुमुम्बांना द्यायचं विष काँगोत नेऊन पोचवलं होतं, हे त्याच देशाच्या समितीनं नोंदवलं. मारायचं ठरलं होतं, यात शंका राहिली नाही. आणि त्याच अहवालात हेही आहे की ते विष वापरलं गेलं नाही, आणि प्रत्यक्ष खुनाशी सीआयएला जोडणारा पुरावा समितीला मिळाला नाही. लुमुम्बांना १७ जानेवारी १९६१ ला काँगोच्या कटांगा प्रांतात गोळ्या घातल्या, तेव्हा बेल्जियन अधिकारी तिथं हजर होते. प्रेत अ‍ॅसिडमध्ये विरघळवलं. बेल्जियमच्या संसदेच्या चौकशीनं २००१ मध्ये आपल्या देशाची नैतिक जबाबदारी मान्य केली, पुढच्या वर्षी सरकारनं माफी मागितली. त्या माणसाचं मागं राहिलं ते एक दात. तो २०२२च्या जूनमध्ये त्याच्या मुलांना परत दिला गेला. हे सगळं कागदावर आहे. यावर 'सीआयएनं मारलं' असं दोन शब्दांत लिहिलं की बेल्जियम सुटतो, कटांगातले मारेकरी सुटतात, आणि सीआयएवरचा सिद्ध झालेला आरोपही कुणी सहज खोडून काढू शकतो. कारण तसा तो, त्या शब्दांत, सिद्ध झालेलाच नाही.

कास्ट्रोच्या आकड्याबद्दल मला माझी चूक सांगायला हवी. ६३८ हा आकडा मी वर्गात सांगितला आहे, निवृत्तीपूर्वीची चार-पाच वर्षं तरी. मुलांना आकडा आवडतो, मलाही आवडायचा. तो क्यूबाच्या गुप्तचर खात्याच्या एका माजी प्रमुखानं दिलेला आहे. त्यात किती नुसते मनसुबे, किती खरोखरचे प्रयत्न, याची तपासणी माझ्याकडे नव्हती. चर्च समितीनं १९६० ते १९६५ या काळात सीआयएचा हात असलेले निदान आठ कट नोंदवले. निदान आठ. विषाच्या गोळ्या होत्या, बुरशी लावलेला पाणबुड्याचा पोशाख होता, आणि केनेडींचा खून झाला त्याच दिवशी, २२ नोव्हेंबर १९६३ ला, सीआयएचा अधिकारी एका क्यूबन माणसाच्या हातात विषारी सुईचं पेन ठेवत होता. आठ हा आकडा मला कमी का वाटला, याचा मी पुढे खूप विचार केला. एका देशाच्या सरकारनं दुसऱ्या देशाच्या प्रमुखाला मारायचे आठ कट रचले आणि ते त्याच्याच संसदेनं लिहून ठेवले, यानं माणूस हादरायला हवा. मी तो आकडा बाजूला ठेवून मोठा उचलला. माझ्या किती विद्यार्थ्यांनी तो पुढे सांगितला असेल, देव जाणे.

भाभांबद्दल मी भाच्याशी फार बोलले नाही, कारण तिथं बोलण्यासारखं थोडं आहे. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ माँ ब्लाँवर आदळलं, ११७ माणसं गेली. विमानातलं दिशा दाखवणारं एक यंत्र बंद होतं, आणि आपण डोंगराच्या नेमकं कुठं आहोत याबद्दल वैमानिकाचा आणि जिनिव्हाच्या नियंत्रकाचा गोंधळ झाला, असं चौकशीत निघालं. त्याच डोंगरावर १९५०च्या नोव्हेंबरात एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' पडलं होतं, ४८ माणसं गेली होती. त्यात कुणी अणुशास्त्रज्ञ नव्हता, म्हणून ते कुणाच्या यादीत नाही. घातपाताचा सगळा आधार काय, तर सीआयएच्या एका अधिकाऱ्याशी झालं म्हणून छापलेलं संभाषण, तेही तो अधिकारी वारल्यानंतर. ज्याला विचारता येत नाही अशा माणसाच्या तोंडी घातलेलं वाक्य. बर्व्यांच्या पत्रांची मला तिथं आठवण होते.

शास्त्रीजींचं तसं नाही. ११ जानेवारी १९६६ च्या पहाटे ताश्कंदला त्यांचा मृत्यू झाला, आदल्या दिवशी करारावर सही केली होती. त्यांना आधी हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते, हे खरं. खरं शवविच्छेदन झालं नाही, ना ताश्कंदला, ना दिल्लीत. घरच्यांनी शरीर निळसर पडलेलं पाहिलं आणि शंका घेतली. २००९ मध्ये माहिती अधिकारात विचारणा झाली तेव्हा पंतप्रधान कार्यालयानं सांगितलं की या विषयावरचा एक कागद आहे, पण परराष्ट्र संबंधांच्या कारणानं तो देता येणार नाही. ही शंका जिवंत ठेवली आहे ती सरकारनं. तिथं 'शवविच्छेदन का केलं नाही, कागद का दाखवत नाही' असं शंभर वेळा विचारलं पाहिजे, आणि मी विचारीन. 'विष घातलं' मात्र मी म्हणणार नाही. या दोन वाक्यांमधलं अंतर राखणं लोकांना भेकडपणा वाटतो. मला ते अवघड काम वाटतं, कारण शंका घेणाऱ्याला दोन्ही बाजूंनी शिव्या बसतात.

भाचा ऐकत होता, पण आतून धुमसत होता. शेवटी म्हणाला, "एवढं बघत बसलं तर सरकारचंच फावतंय की मावशी."

मी त्याला विचारलं, तुमच्याकडे एखाद्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे आत राहिलेली हवेची पोकळी, निघाला तर पार्टी काय करते?

"लॉट परत पाठवत्यात. आख्खा."

"चांगले नग असले तरी?"

तो गप्प झाला. त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळलं ते.

मला वाटतं, १८८२ आणि ८३ मध्ये नेमकं हेच झालं. पत्रं बनावट निघाली आणि आख्खा लॉट परत गेला. महाराजांचा छळ होतोय ही तक्रारच जणू कोर्टात हरली. आणि म्हणून पुढच्या वर्षी नगरच्या किल्ल्यात तो मुलगा खरोखर मेला तेव्हा जो जाब विचारला जायला हवा होता, त्याचा आवाज आधीच बसलेला होता. पत्रांची मुळी गरजच नव्हती. एका विशीतल्या मुलाला त्याच्या घरातून उचलून दूरच्या लष्करी किल्ल्यात ठेवलं, आपलं म्हणावं असं माणूस जवळ नाही, भोवती गोरे सैनिक, आणि तो जिवंत बाहेर आला नाही. एवढं कुणीच नाकारत नाही, आणि माझ्या लेखी एवढ्यावरच ते सरकार दोषी आहे. त्याला वेडं ठरवणारे आणि त्याच्या वेडेपणाचा फायदा मिळणारे एकाच बाजूचे होते, हेही विसरू नये. शंका घ्यायची तर सरकारी कागदावर आधी घ्यावी. पण ज्या कुणी ती पत्रं रचली, त्यानं महाराजांच्या शत्रूंना जी मदत केली ती बर्व्यांनासुद्धा जमली नसती.

आणि बर्वे? त्यांच्याबद्दल या गावात कुणी हळहळल्याचं मी ऐकलं नाही. ते चांगले कारभारी होते की वाईट, इंग्रजांपुढे किती वाकले, यावर वाद घालता येईल. पण जी पत्रं त्यांनी लिहिलीच नाहीत, त्यांच्यामुळे तालमीतल्या गोष्टीत शंभर वर्षं ते खुनी राहिले. आण्णांच्या गोष्टीतही.

आरोप एकदा सुटला की कुठं जाऊन पडेल सांगता येत नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा मारेकरी दिल्लीत जागच्या जागी पकडला गेला होता. त्यानंतर इथं कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं पेटली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटला. आण्णा तेव्हा अकरा-बारा वर्षांचे, त्यांनी धूर पाहिला होता. त्याबद्दल ते फार बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले होते, शेजारच्या गल्लीतल्या आजी डोक्यावर पितळी डबा घेऊन धावत होत्या, आणि त्यांच्या तोंडून एवढंच सुटलं होतं की चुलीवर दूध राहिलंय, दूध राहिलंय.

१६ फेब्रुवारी २०१५ची सकाळ या गावातल्या प्रत्येकाला आठवत असेल. गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई फिरून घरी परतत होते, मोटरसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. २० तारखेला मुंबईत पानसरे गेले. मी त्यांची भाषणं बिंदू चौकात ऐकली आहेत. वकील माणूस, प्रत्येक विधानामागे कागद असायचा. आमच्याकडे कुणाला आव्हान द्यायचं तर 'बिंदू चौकात या' म्हणतात, म्हणजे चारचौघांत, उजेडात, पुरावा घेऊन या. ते तसे यायचे.

त्या दिवशी दुपारपर्यंत शाळेच्या स्टाफरूममध्ये चार निष्कर्ष तयार होते, आणि चारही बोलणाऱ्यांचा आवाज सारखाच ठाम होता. मीही बोलले. रागाच्या भरात मीही 'सरकारनंच' म्हणाले. तेव्हा मला काय माहीत होतं? काहीच नाही. पुण्यात दाभोलकरांचा खून त्याआधी दीड वर्ष झाला होता, त्यात सुरुवातीला पकडलेले दोघे पुढे सुटले होते. दाभोलकरांच्या खटल्याचा निकाल १० मे २०२४ ला लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले, आणि कटाच्या सूत्रधारापर्यंत तपास यंत्रणा पोचल्या नाहीत हे न्यायालयानंच म्हटलं. पानसऱ्यांच्या खुनाचा तपास एका पथकाकडून २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं दुसऱ्याकडे गेला. दहा वर्षं उलटली तरी निकाल लागला नव्हता.

आज मी 'सरकारनं मारलं' म्हणणार नाही, कारण तसा पुरावा माझ्यासमोर नाही. पण शोधायला दहा वर्षं का लागतात, एकामागून एक माणसं पडत असताना राज्य काय करत होतं, हे मी मोठ्यानं विचारते. या प्रश्नाला बनावट पत्र लागत नाही. तारखा पुरतात. आणि तारखांना कुणी मानहानीच्या खटल्यात हरवू शकत नाही.

भाचा जायला उठला तेव्हा दारात थांबून म्हणाला, "मग महाराजांचं नाव काढू का यादीतनं?"

मी म्हटलं, काढू नको. नीट लिही.

आण्णांनीही तेच केलं होतं. त्या रात्रीच्या जेवणानंतर काही महिन्यांनी २५ डिसेंबर आला. मी मुद्दाम गेले, मागं भिंतीला टेकून उभी राहिले. आण्णा नेहमीच्या जागी बसले. गोष्ट सुरू झाली, फ्लॉरेन्स झालं, दत्तक झालं, केसरी आला. पत्रांपाशी ते थांबले. पोरांना वाटलं खोकला आला असेल. मग म्हणाले, "ती पत्रं बनावट हुती. कोर्टात सिद्ध झालं. बर्व्यांनी लिवलेली न्हवती." म्हाताऱ्या वस्तादांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. एक जण उठून बाहेर गेला. आतापर्यंत ज्या जागी पोरं श्वास रोखायची तिथं कुजबुज सुरू झाली, आणि मला भीती वाटली की गोष्ट आता हातातून गेली.

आण्णांनी कुजबुज थांबेपर्यंत वाट पाहिली. गुडघ्यावरचा हात उचलून माती झटकली.

"खरं," ते म्हणाले, आणि मग एकेक शब्द सुटा सुटा करत, "नगरचा किल्ला. अठराशे त्र्याऐंशी. पंचवीस डिसेंबर. पोरगं इस वर्साचं."